शटरमागची वाघीण

वैजनाथची गाडी भिंगारच्या बाजारात शिरली तेव्हा शिफाला वाटलं, कुणीतरी ताडपत्री टराटरा फाडतंय. तिने वर्कशॉपातून मान बाहेर काढून पाहिलं. लालभडक, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार खड्ड्याखड्ड्याला पोट घासत येत होती आणि तिच्यात वैजनाथ छाती काढून बसला होता. गाडीत कोण बसलंय ते लोकांना दिसावं म्हणून काचा खाली होत्या आणि धूळ खाऊन त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या.

वैजनाथ आप्पासाहेबांचा मुलगा. शिफाच्या अब्बांचं, अमजदचं, सायलेन्सर दुरुस्तीचं वर्कशॉप आप्पासाहेबांच्याच जागेत होतं. शिफा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नोकरी लागेपर्यंत तिथेच हाताखाली काम करत होती.

"अमजदचाचा," वैजनाथ उतरत म्हणाला, "रविवारी मिरजगावला आपल्या पेट्रोल पंपाचं उद्घाटन हाय. श्रीरामपूरचा कारभारी त्याची पिवळी गाडी घिऊन येनार. ती आली की काचा थरथरत्यात. माझी गाडी तिच्यापेक्षा म्हाग, अन् आवाज असा! पुन्यात सायलेन्सर कापून घेतला तर ही पादायला लागली."

मागे उभा असलेला त्याचा साथीदार गोरक्षनाथ हसला. हसणं हेच त्याचं काम होतं.

"कारभारीपेक्षा मोठा आवाज पायजे," वैजनाथ पुढे म्हणाला. " न्हाई जमलं तर जागा मोकळी करा. मला तिथं मोबाईलचं शोरूम काढायचंय."

अमजदच्या हातातला पाना तसाच राहिला. लग्नाआधीपासून तो त्या जागेत होता.

"शेठ," शिफा म्हणाली, "इंजिनात एकेक स्फोट झाला की गॅसचा ठोका पाइपात येतो. त्या ठोक्यांचाच आवाज होतो. कारभारीशेठच्या गाडीला आठ सिलेंडर, तेही मोठे, आणि गॅस सरळ बाहेर पडतो. तुमच्या गाडीला चार, तेही छोटे, आणि वाटेत टर्बो बसवलाय. टर्बोचा पंखा त्याच गॅसवर फिरतो, ठोक्यातला जोर खाऊन टाकतो. म्हणून तर एवढंसं इंजिन एवढं पळतं. सायलेन्सर कापून नुसती खरखर मोकळी झाली. आवाज तिच्यात नव्हताच, तर बाहेर कुठून येणार?"

शेळीने मध्येच बोलायला सुरुवात करावी तसं वैजनाथने तिच्याकडे पाहिलं.

"चाचा, पोरीचं लगीन करा," तो म्हणाला. "म्हागाची गाडी म्हागाचाच आवाज करनार. एवढं तर माझ्या म्हशीलाबी कळतं."

न समजणारी मुलं शिफाने कॉलेजात पुष्कळ पाहिली होती. त्यांना निदान समजत नसल्याची लाज वाटायची. या माणसाने आपलं अज्ञान गाडीसारखं धुऊनपुसून चकाचक ठेवलं होतं आणि ते दाखवायला तो गावोगाव हिंडत होता.

"जमेल तेवढं करतो," अमजद म्हणाला. "पण गाडी आमच्या रिवाजाने घ्यावी लागेल."

हा रिवाज साऱ्या भिंगारला ठाऊक होता. माणूस कानाने ऐकत नाही, डोळ्याने ऐकतो, असं अमजदचं म्हणणं. म्हणून काम झालं की तो मालकाला बाहेर काढून शटर खाली ओढायचा आणि आत उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून चालू करायचा. मालकाने आवाजावरून आपली गाडी ओळखली तरच ती ताब्यात मिळायची. छावणीतले लष्करी ड्रायव्हरसुद्धा आधी हसायचे आणि मग निमूट शटरला कान लावायचे.

"शंभरात वळखीन!" वैजनाथ म्हणाला. "न्हाई वळखली तर जागेचा इषय पुन्हा काढनार न्हाई. गोरक्या, तू साक्षीला."

अमजदने खपून काम केलं. नवे पाइप वाकवले, जोड पक्के केले. खरखर बरीच गेली, सूर जरा भरला. पण चार सिलेंडरचे आठ काही झाले नाहीत.

शनिवारी वैजनाथ आला तेव्हा आत आणखी एकच गाडी होती: शांतवन मास्तरांची जोंगा. लष्कराने लिलावात काढलेली जुनी जीप. मास्तर निवृत्तीनंतर शेळ्या पाळत आणि जोंगातून त्यांचा पाला आणत. सहा मोठे सिलेंडर, टर्बोचा पत्ता नाही, आणि सडलेला सायलेन्सर त्या दिवशी काढून बाजूला ठेवलेला.

वैजनाथ बाहेर थांबला. साक्षीदार म्हणून गोरक्षनाथ आत. शटर खाली आलं.

शिफाने आधी लाल गाडी चालू केली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"ही कुनाची रिक्षा हाय?" बाहेरून आवाज आला. "बंद करा, डोकं उठलं!"

मग अमजदने जोंगा चालू केली. पत्रे घुमले. फळीवरचे नट नाचायला लागले. शटर थडथडलं आणि त्यापलीकडे वैजनाथ ओरडला, "हीच! हीच माझी वाघीण! ऐक गोरक्या, ह्याला म्हनत्यात पैसा!"

शटर वर गेलं. समोर जोंगा धूर सोडत उभी होती. मागच्या बाजूला सुबाभळीचा पाला, त्यावर लेंड्या.

गोरक्षनाथ सवयीने हसला. कुणावर हसलो हे कळल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला.

"शटरनं आवाज फिरतो," वैजनाथ म्हणाला.

"दोन्हींचा सारखाच फिरला असता, शेठ," शिफा म्हणाली.

वैजनाथने जोंगाच्या बॉनेटवर हात फिरवला. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "ह्यो आवाज माझ्या गाडीत बसंल का?"

इतक्या दिवसांत काही समजून घ्यायला त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. शिफाला त्याची आणखीच कीव आली. परदेशातल्या नामांकित कंपन्याही गाडीत स्पीकर लावून इंजिनाचा आवाज ऐकवतात, हे तिने वाचलं होतं. म्हणजे या माणसाचा मूर्खपणासुद्धा स्वतःचा नव्हता.

"बसेल. बंपरखाली स्पीकर, आणि ॲक्सिलरेटर दाबाल तसा आवाज चढेल. पण त्यात काही बिघडलं तर इथेच यावं लागेल. दुसऱ्या कुणाला दाखवलंत तर बोभाटा होईल. जागेचं काय?"

"जागा सोडा म्हनतंय कोन?" वैजनाथ म्हणाला. "फकस्त तोंड बंद ठिवा."

शिफाने दुपारभर जोंगाचा आवाज टिपला आणि रात्री लाल गाडीच्या बंपरखाली स्पीकर बसवले.

रविवारी मिरजगावात फटाक्यांपेक्षा लाल गाडी जास्त वाजली. कारभारी स्वतः उतरून जवळ आला आणि किती सिलेंडर म्हणून त्याने विचारलं. वैजनाथने छाती फुगवून सांगितलं, "बारा." त्याचा व्हिडिओ सोमवारी साऱ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर होता.

त्याच सोमवारी तो मिरवायला भिंगारच्या बाजारातून गेला. शांतवन मास्तर रस्त्याकडे पाठ करून वर्कशॉपच्या दारात पेपर वाचत बसले होते. मागून गर्जना झाली. मास्तरांनी पेपर खाली घेतला.

"शिफा, माझी जोंगा कोण घेऊन चाललंय गं? ती इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक ऐक. माझीच ती."

"जोंगा आत उभी आहे, सर."

मास्तरांनी वळून पाहिलं. लाल गाडी, लाल गाडीतला वैजनाथ, मग शिफा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

रेकॉर्डिंगमधून ती टिकटिक काढायला शिफाला फार तर पाच मिनिटं लागली असती. तिने ती मुद्दाम राहू दिली होती. उद्या वैजनाथने शब्द फिरवला, तर चारचौघांसमोर मास्तरांना शटरबाहेर उभं करायचं आणि आत लाल गाडी चालू करायची, एवढंच.