मागे घेण्याचा कागद

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

चोपड्यात तहसील कचेरीसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मी उमेदवारांचे अर्ज भरते, प्रिंट काढते आणि सेट बनवून देते. अर्ज, घोषणापत्र, दाखल्यांच्या झेरॉक्स आणि सगळ्यात खाली माघारीचा कोरा अर्ज. शेवटच्या दिवशी बाईला गावाहून पुन्हा कोण आणणार, म्हणून त्यावरही आधीच सही घेऊन ठेवायची पद्धत पडली आहे. सही जिथे हवी तिथे मी पेन्सिलने फुली मारते. फुली दिसली की बाया सही करतात. वाचत कोणी नाही, आणि मागे रांग असते म्हणून मीही वाचा म्हणत नाही.

कोकिळानेही अशाच सह्या केल्या. ती वडपिंप्रीच्या झुलाल नानांची सून. वॉर्ड महिला राखीव निघाला म्हणून नानांनी सुनेचा अर्ज भरला आणि सूचक म्हणून स्वतः सही ठोकली. सून हातभर अंतरावर उभी, पण नाना मला म्हणत, "तिले सांग, आठे सही कर." त्यांच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही. मी सांगायचं, पदराआडून मान हलायची, सही व्हायची. पाहून माझं डोकं फिरलं होतं. पण धंद्यात डोकं फिरवून चालत नाही.

त्याच संध्याकाळी कोकिळाचा फोन आला. "ताई, चिन्हमा शिलाई मशीन भेटी का?" ती ब्लाउज शिवायची. मी म्हटलं, चिन्हं माघारीच्या दिवशी तीननंतर मिळतात, तोवर धीर धर. मग रोज फोन. वॉर्डात मतदार किती? चारशे बारा. नाव नसलेल्या बाईने काय करायचं? आता काही नाही, यादीची मुदत गेली. दुपारी नाना झोपले की ही घरोघर फिरत होती. "नळले चार दिसमा पानी येस. बाया म्हनतीस, तू बोल." पहिल्यांदा मला हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

माघारीच्या दिवशी सव्वाबाराला नाना एकटेच आले. येताना केळीची फणी आणली होती. नाना वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत.

"बेटी, कोकिळाना माघारना कागद दे. तारीख टाकी दे."

रात्री पारावर बैठक झाली होती. निवडणूक बिनविरोध करायची, उपसरपंचपद नानांच्या भावकीला. कोकिळाचा अर्ज म्हणे दाब टाकण्यापुरताच होता. नानांनी गावासमोर शब्द देऊन टाकला.

"आणि कोकिळा?"

"ती धुळ्याले, बहिनकडे. सकायलेच धाडी दिनी."

कोकिळाच्या दोन सह्या त्या कागदावर होत्या. एक माघारीची, दुसरी 'हा अर्ज माझे सूचक सादर करतील' या ओळीखाली. दोन्ही ठिकाणी फुली माझी. तीनच्या आत नानांनी तो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला की संपलं. दिलेली माघार परत घेता येत नाही.

सगळे सेट मी माझ्याकडेच ठेवते. कोकिळाचा वरच्याच ड्रॉवरमध्ये होता, माझ्या गुडघ्याला टेकलेला.

"शोधावा लागेल, नाना," मी म्हटलं. "तुम्ही चहा घेऊन या."

ते वळताच आतल्या खोलीतून फोन लावला. कोकिळाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले इचारं का कोनी?"

"नाही विचारलं. आता बोलत बसू नकोस, निघ."

"मी निंघनी."

धुळे ते चोपडा, अमळनेरवरून, दोन तास धरा. बस वेळेवर मिळाली तर. नाना पाऊण वाजता आले. मी टेबलावर साठ फाइली पसरून बसले होते. एक वाजता पुन्हा आले. "सापडना का?" दुसऱ्या गावाचं एक गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं, मी त्याच्यावर दुप्पट ओरडले. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, पण तासन्‌तास एकच खोटं बोलणं फार जड जातं. दीडला कोकिळाचा फोन आला, बस अमळनेरलाच संपली, पुढची भरून गेली. "काळीपिवळी बघ," मी ओरडले. "मिळेल ती बघ!"

सव्वादोनला नाना बाकावर बसले ते उठेनात. घड्याळ बघत, टोपी काढत, पुन्हा घालत. "बेटी, मन्ही इज्जत शे यामा. गावले शब्द देयेल शे."

मला त्यांची दया आली. खरंच आली. म्हातारा घामाने भिजला होता आणि कागद माझ्या गुडघ्याला लागून होता. माझा हात ड्रॉवरच्या कडीवर जाऊनही आला.

पावणेतीनला दारात काळीपिवळी थांबली. कोकिळा उतरली, धुळीने भरलेली, पायात एकच चप्पल. नानांना पाहताच तिने पदर पुढे ओढला. नाना उभे राहिले.

मी ड्रॉवर उघडला, कागद काढला. नानांचा हात पुढे आला. मी तो कागद कोकिळाच्या हातात दिला.

नानांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "तिले सांग, कागद दे."

"कोकिळा, नाना कागद मागतात."

"वाचीसन देस," पदराआडून उत्तर आलं.

आणि तिने वाचायला घेतलं. सातवी शिकलेली बाई. कागद पदराच्या आत धरलेला, ओळीखाली बोट. निवडणूक निर्णय अधिकारी यांस. गावाचं नाव. वॉर्ड क्रमांक. प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत. नाना दोन पावलं पुढे आले आणि थांबले. सासऱ्याचा हात सुनेच्या पदराला लागत नाही. लग्नापासून नऊ वर्षं ज्या अंतराने तिला गप्प ठेवलं, ते अंतर नानांनाही ओलांडता येईना.

"तू घे ना तिना हातमाईन!" नाना मला म्हणाले.

"कागद तिचा आहे, नाना."

दोन त्रेपन्न. कचेरीच्या फाटकातून शिपायाने हाळी दिली, माघारीवाले आत या.

"ताई," कोकिळाचं बोट थांबलं होतं, "स्वेच्छेने म्हंजे काय?"

"स्वतःच्या मनाने."

"म्हंजे मन्हा मनथीन?"

"हो."

तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिले सांग, मी हात जोडस." त्यांनी खरोखरच हात जोडले होते. कोकिळाचा कागद हलला. मला वाटलं, देते आता. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. तारीख. ठिकाण. सही. दुसरी सही. माझ्या दोन फुल्या.

फाटकाची कडी वाजली. शिपायाने दार लोटून घेतलं. तीन वाजले होते.

कोकिळाने कागदाची नीट चौघडी केली आणि माझ्याकडे दिला. "द्या नानासले. कवयना मांगी ऱ्हायनात."

केव्हाचे मागत होते, हे खरंच. मी दिला. नानांनी घेतला, उलटसुलट पाहिला, खिशात ठेवला. पारावरच्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता आणि मला ते बघवेना. जाताना ते दारात थांबले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते 'तिले सांग' म्हणाले नाहीत.

"पोरी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "एक चप्पल कोठे गयी?"

कोकिळा रडायला लागली. इतका वेळ रडली नव्हती.

नाना थांबले नाहीत. मी दुकानाला कुलूप लावलं, माझ्या चपला तिला दिल्या आणि चिन्हाच्या रांगेत तिच्यासोबत अनवाणी उभी राहिले.