भिंतीवरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. घंटा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोलक लोंबणारी घंटा आली असेल, तर ती मी नव्हे. मी परातीसारखी चपटी आहे, काशाची आहे, आणि मला वाजवायला डोक्याला कातडं गुंडाळलेली लाकडी मोगरी लागते. ज्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं, त्याने शेवटी माझ्या कडेला भोकं पाडून दोर ओवला, मला हवेत लटकवलं आणि एकच टोला दिला. आवाज विरेपर्यंत तो कान देऊन उभा राहिला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "हिला कशाला टेकू देऊ नका. लटकती राहिली तरच बोलेल."

ते गिऱ्हाईक म्हणजे समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलचे पहिले मालक. त्यांनी मला हॉटेलच्या गच्चीच्या कमानीत टांगलं. समोर पायऱ्या, पायऱ्यांखाली वाळू आणि पुढे नुसतं पाणी. सकाळच्या नाश्त्याला आणि रात्रीच्या जेवणाला पाहुण्यांना बोलवायचं, हे माझं काम.

पाहुणे तरी किती तऱ्हांचे! एक जाडजूड व्यापारी माझ्या पहिल्या टोल्यालाच गळ्यात रुमाल बांधून दारात हजर असायचे. टोल्याआधी रुमाल बांधून बसत असावेत, असा माझा वहीम आहे. नवी नवी लग्नं झालेल्यांना मात्र मी कितीही कोकलले तरी ऐकू जायचं नाही. एका बाईंनी तर मॅनेजरला विचारलं होतं, "रात्री हा समुद्र जरा हळू करता येईल का?"

मला वाजवायचे ते मामा. ते जेवणघराचे मुख्य वेटर, पण हॉटेलात त्यांना सगळे मामाच म्हणत. सकाळी आधी ते माझ्यावरची खारट ओल कोरड्या फडक्याने टिपायचे, मग मोगरी उचलायचे. पुसणं आणि वाजवणं त्यांच्या लेखी एकच काम होतं.

दर वर्षी एक म्हातारं जोडपं यायचं. श्रीमंत नव्हतं. मागच्या बाजूची लहान खोली घ्यायचं, आणि इथल्या बड्या पाहुण्यांत जरा अंग चोरूनच वावरायचं. आजोबा पट्टीचे पोहणारे. पुढे त्यांची नजर मंदावत गेली आणि शेवटी उजेड-अंधार तेवढा कळू लागला. खोलीतून जेवणघरात जायचं तर आजींचा हात, जिना उतरायचा तर आजींचा हात. पण पाण्यात शिरले की ते कुणाचे नव्हते. सरळ आत पोहत जायचे, आणि मामा मला वाजवू लागले की माझ्या आवाजाकडे तोंड करून परत यायचे. आजोबांचे पाय पायरीला लागेपर्यंत मामा थांबायचे नाहीत. नाश्ता थंड झाला तरी कुणी तक्रार करत नसे.

"काका, भीती नाही वाटत?" मामांनी एकदा विचारलं.

"घंटा आहे ना!" आजोबा हसले. "अहो मामा, वर्षभर बायकोचा हात धरून चालतो. इथे पाण्यात तेवढा काय तो एकट्याने फिरतो. त्यासाठीच तर येतो."

मित्रांनो, माझं तोंडभर कौतुक पुष्कळांनी केलं, पण या बोलण्याची सर कशालाच नाही.

मग नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. उशिरा उठणाऱ्या पाहुण्यांची सकाळच्या आवाजाबद्दल कुरकुर होती, आणि खाऱ्या वाऱ्याने मी काळवंडत चाललेय याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. त्यांनी मला उतरवलं, घासून घेतलं, वर चकचकीत रोगण दिलं आणि आत दिवाणखान्यात, दारासमोरच्या भिंतीवर बसवलं. पडू नये म्हणून चार स्क्रूंनी गच्च आवळलं. पाठीमागे बोटभरही जागा राहिली नाही. मोगरी शेजारी खुंटीला लटकली. येणारे-जाणारे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. मामा रोज फडकं फिरवायचे, पण वाजवायची आता कुणालाच परवानगी नव्हती. नाव मोठं, लक्षण खोटं, अशी माझी गत झाली.

त्या वर्षी जोडपं आलं. आजींनी दारातूनच मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, घंटा आत आणलीय."

"आहे ना पण?" आजोबांनी विचारलं.

"आहे हो, काकू, काळजी कसली करता?" मॅनेजर पुढे आले. "कधी नव्हती इतकी छान ठेवलीय. उद्या तुमच्यासाठी खास परवानगी. मामा, सगळी दारं उघडी ठेवा आणि वाजवा."

मामाही खुलले. घंटा आहे का, हे सगळ्यांनी विचारलं. वाजते का, हे कुणीच विचारलं नाही. मला माहीत होतं, पण टोला पडल्याशिवाय मला तोंड कुठलं?

सकाळी आजोबा पायऱ्या उतरून पाण्यात गेले. दारं सताड उघडी होती. मला आजींची पाठ आणि पलीकडे पाण्यावर एक काळा ठिपका दिसत होता. वेळ झाली तशी मामांनी मोगरी उचलली आणि टोला हाणला.

थप्.

मामा दचकले. पुन्हा हाणला. थप्. पुन्हा. थप्. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला ओरडायचं होतं, पण भिंत माझा आवाज गिळून टाकत होती.

"मामा, वाजवा ना!" आजी बाहेरून ओरडल्या.

"वाजवतोय हो, काकू! वाजवतोय!"

ठिपका थांबला होता. मग तो एका बाजूला सरकू लागला, मग भलतीकडेच. आजी हाका मारत होत्या, पण वारं उलटं होतं. मामांनी स्वयंपाकघरातून परात आणून पायऱ्यांवर बडवली; तिचा आवाज लाटांच्या पुढे गेलाच नाही. मॅनेजरांच्या पाचावर धारण बसली. शेवटी ते स्वतः बुटांसकट वाळूत धावले आणि जाळी ओढणाऱ्या कोळ्यांना होडी पाण्यात घालायला लावली.

आजोबांना आणलं तेव्हा ते टॉवेलात गुंडाळलेले, थरथरत होते. "चारी बाजूंनी समुद्रच ऐकू येत होता," ते म्हणाले. "किनारा कुठे गेला तेच कळेना." मग म्हणाले, "मला घंटेपाशी न्या."

गार बोटं माझ्यावरून फिरली. कडेपर्यंत गेली, भिंतीला लागली, स्क्रूवर थांबली. "अरे रे," ते हळूच म्हणाले, "हिला तर जखडून टाकलंय."

मामा तोंडात फडकं धरून रडले. मॅनेजर खाली मान घालून उभे होते. त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने मला उतरवलं आणि नवा दोर ओवून पुन्हा कमानीत टांगलं. मामांनी टोला दिला. रोगणाने आवाज थोडा बसलाय, पण तो दूरवर गेला. तोवर जोडप्याची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

पुढच्या वर्षी ते येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं, पण आले. सकाळी मामांनी जीव तोडून मला वाजवलं. आजोबा गच्चीवर खुर्चीत आजींचा हात धरून बसले होते. त्यांनी पाण्याकडे तोंड केलं, कान दिला, खुर्चीखाली त्यांचे पाय जरासे हलले.

"जाता का?" आजींनी विचारलं. "मी आहे इथे."

"छान वाजते," आजोबा म्हणाले. "पूर्वीसारखीच वाजते." पण उठले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्यांना नुसतं पुसून-सजवून कोपऱ्यात बसवू नका. रोज काहीतरी काम सांगा, हाक मारून बघा, ओ येते का ते ऐका. माझ्यावर चढवलेलं रोगण हळूहळू झिजेल, भिंतीतली स्क्रूंची भोकं बुजतील. पण पुढच्या वर्षीच्या त्या सकाळी मामा मला वाजवत राहिले, वाजवत राहिले, आणि आजोबांनी आजींचा हात काही सोडला नाही.