आत्याच्या देशातलं पायपुसणं

पायपुसण्यांपायी माणूस किती दमू शकतो हे ज्याला बघायचं असेल, त्याने सासऱ्यांच्या पायपुसण्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या जावयाकडे बघावं. तो पायपुसणी विणत नव्हता की विकत नव्हता. तो फक्त त्यांची वेबसाइट सर्चमध्ये वर चढवत होता. पण असा शिणला होता, की तो खुर्चीतून उठला तरी त्याची सावली बसूनच राहायची. खोटं वाटेल, पण एकदा मीच तिला हाताला धरून उठवली.

माल मात्र अस्सल. सासऱ्यांचं पायपुसणं इतकं जाड, की शेजारची मांजर त्यात शिरली ती पिल्लं घेऊनच बाहेर आली. असा माल जगाने घ्यावा असं कुणालाही वाटेल. जगात कुठेही कुणी सर्चमध्ये पायपुसणं शोधलं की आपलंच नाव सगळ्यात वर यायला हवं, असं सासऱ्यांनी ठरवलं आणि जावयाला कामाला जुंपलं. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे जावयाची बायको, तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. त्यालाही तिच्यामागे जायचं होतं.

"जा की, जावईबापू. अडवलंय कुणी?" सासरे म्हणाले. "सगळ्या देशांत पहिला नंबर आला की निघा."

बिचाऱ्याला वाटलं, चार दिवसांचं काम. पण प्रत्येक देशाचं पान वेगळं करावं लागलं. एका देशात बुटाला बर्फ चिकटतो, दुसऱ्यात वाळू. दोन देशांची भाषा एक, पण पायपुसण्याला शब्द निराळे. चुकीचा घातला की तिथलं काळं कुत्रंही पानाकडे फिरकत नाही. एका देशात इंटरनेट असं रांगतं, की फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचे ओले पाय आपोआप वाळायचे. तिथले फोटो हलके केले. कुठलं पान कुणासाठी, याच्या खुणा सर्च इंजिनला करून दिल्या, नाहीतर ते वाळवंटातल्या माणसासमोर बर्फाचं पायपुसणं ठेवायचं.

हळूहळू नंबर चढले. जावयाच्या संगणकावर दिसायलाही लागले. पण सासऱ्यांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "संगणक तुमचा, नंबरही तुमचाच. मुलगी देताना मुलाची चौकशी आपण मुलाकडेच करतो का?"

त्यामुळे घरात रिवाज पडला, की नंबर नातेवाइकाने सांगितला तरच खरा. गोतावळा अफाट होता, जगभर कुणी ना कुणी होतंच. सकाळी चहा झाला की सासरे फोन लावायचे. "दिसतंय का?" एका देशातल्या त्यांच्या मेहुण्याने "पहिलंच आहे" म्हटलं, की फोन खाली आणि तो देश निकालात. मेहुण्याला पुन्हा फोन नाही. असे एकेक करत सगळे देश संपले. उरला फक्त आत्याचा.

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. आईचं शिवणयंत्र कुणी ठेवायचं यावरून दोघांचं फाटलं, तेव्हापासून या पायपुसण्याच्या फोनपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. आता रोज बोलत होते.

"दिसतंय का, चिमे?"

"नाही रे दादा. काही दिसत नाही."

मग तिच्या गुडघ्याची चौकशी, त्याच्या दाताची, आणि शेवटी सासरे फोन ठेवून जावयाकडे वळायचे. "नाही म्हणते. लागा कामाला."

जावई त्या देशाचं पान पुन्हा लिहायचा. लिहून लिहून ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की वाचणाऱ्याची नजर घसरून पडावी. संगणक म्हणत होता पहिला नंबर, आत्या म्हणत होती नाही. तिकडून बायको विचारत होती, "तू लग्न माझ्याशी केलंस की बाबांशी?"

एके दुपारी सासरे मागाजवळ असताना त्याने आत्यालाच फोन लावला.

"आत्या, शोधताना तुम्ही नेमकं काय लिहिता?"

"मी कशाला शोधू, जावईबापू? माझ्या दारात आहे की पायपुसणं."

"मग रोज नाही का म्हणता?"

"आलं म्हटलं की दादा फोन करायचा थांबेल. मेहुण्याला केला का पुन्हा?"

जावयाला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात त्राण लागतं. तो म्हणाला, "आत्या, नंबर एकदा आला की कायमचा राहत नाही. आज पहिला, उद्या सातवा. रोज बघावा लागतो."

"रोज? मग हे दादाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला सोडलं असतं का त्यांनी?"

"तेही खरंच."

"आता सांगतो. पण तुम्ही घसरला म्हणालात, की मी पुन्हा याच खुर्चीत."

"बघते," आत्या म्हणाली. त्या घराण्यात 'बघते'चा अर्थ देवालाही लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सासऱ्यांना सांगितलं. "म्हणजे रोज फोन करावा लागणार? काय कटकट!" म्हणत त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली. "पण घसरला तर तुम्ही इथेच हवेत, बरं का."

जावई बॅग घेऊन दारात उभा राहिला. सासऱ्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"दिसतंय का, चिमे?"

"थांब, चष्मा शोधते." चष्मा काही सापडेना. बॅगेचा बंद जावयाच्या तळहातात रुतला. "हं. आहे."

"कितवं?"

"पहिलं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तू वर, बाकी सगळे खाली. लहानपणापासून तेच हवं होतं ना तुला?"

सासरे खो खो हसले. मग आत्याने हळूच विचारलं, "आईचं मशीन चालतं का रे?"

"चालतं. तेल घालतो अधूनमधून." सासऱ्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि माशी हाकलावी तसा जावयाला हात केला. जा, जा.

बस सुटायच्या आधीच तो झोपला. बायकोच्या शहरात कंडक्टरने हाका मारल्या, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, अख्खा स्टँड गोळा झाला, हा ढिम्म. शेवटी बायकोच आत चढली आणि तिने त्याला गदागदा हलवलं.

"आला का एकदाचा पहिला नंबर?"

"आजचा आला," तो डोळे न उघडताच म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून पुन्हा झोपला.