ऐंशी नंबरचा दोरा आणि चतुराबाईंची गाय

मित्रांनो, मी एक जुना दोरा आहे. नंबर ऐंशी, म्हणजे लई बारीक. आमच्यात नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. हे असं उलटं कावून, ते गिरणीवाल्यांनाच ठाऊक. मलमलीची शिवण आणि उशीच्या अभ्र्यावरचे पोपट, एवढ्यासाठीच माझा जन्म. बीडच्या दुकानात मी पोपटांची वाट पाहत बसलो होतो.

त्या साली दुष्काळ पडला. नेकनूरजवळच्या गुरांच्या छावणीत चतुराबाईंची गाय बसली ती उठेना. बसलेलं जनावर उभं केलं नाही तर हातचं जातं. म्हणून पोटाखाली गोणपाटाची झोळी घालून तिला उचलायचं ठरलं. झोळीचं काम महिला शिवण सोसायटीकडे आलं. शिवणार बायनाबाई, दोरा आणणार चेअरमन सुंदरराव. महिला सोसायटीचे चेअरमन सुंदरराव कसे, हे मला विचारू नका. मी दोरा आहे.

दुकानदारानं जाड, दहा नंबरचा दोरा पुढं केला. सुंदररावांना तो अपमान वाटला. त्यांनी सगळ्यात मोठा नंबर मागितला.

बायनाबाईंनी मला चिमटीत धरलं. "अण्णा, ह्यो तर झबल्याचा दोरा हाय."

"ऐंशी नंबर हाय. गाय उचलायला दहा माणसं बरी का ऐंशी?"

हिशोबात कुणालाच चूक सापडेना. बायनाबाईंनी मला चौपदरी करून दाभणात ओवलं. त्या नेढ्यातून मी जाताना वेशीतून मुंगी निघाल्यासारखं दिसत होतं.

सकाळी सुंदररावांनी नारळ फोडला. गड्यांनी झोळीचे बांबू उचलले आणि गाय खरंच उभी राहिली. चतुराबाईंनी पुढं केलेल्या कडब्याचा तिनं एक घासही घेतला. मग मी टाक्याटाक्यानं उसवत गेलो. गाय आपटली.

"मालच खराब निघाला," सुंदरराव म्हणाले. माल म्हणजे मी.

चतुराबाई गायीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ऊठ गं माय. आत्ता उठलतीस की."

ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी दहा नंबरचा दोरा आला. बायनाबाईंनी नवी झोळी शिवली. तिचा एक टाका हलला नाही. त्याच झोळीतून मेलेल्या गायीला छावणीबाहेर नेलं.

मित्रांनो, सुई हातात घ्याल तेव्हा आधी कापड चाचपा, त्यावर काय भार येणार ते बघा, मगच दोरा निवडा. आणि कुणी चिमटीत धरून तो बारीक आहे म्हणालं, तर तेवढं थांबा. फार तर आणखी एक दिवस गाय बसून राहिली असती.