सहा ओले लंगोट

"सू होतेय ना? मग घाबरू नका," असं आक्का फोनवर म्हणाल्या होत्या आणि इस्त्रीवाल्याने तेवढंच वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, दवाखान्यात सिस्टर. बायको ट्रेनिंगसाठी परगावी गेलेली. घरात हा एकटा आणि दहा महिन्यांची ठमी, तिला कालपासून उलट्या आणि जुलाब.

तसा तो काल फारसा घाबरला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ठमीला असंच झालं होतं. एकदा होऊन गेलेलं दुखणं परत कशाला येतंय, असं त्याचं गणित. पण आज उजाडल्यापासून मनाला धीर म्हणून तो लंगोट मोजत बसला होता.

अकराला आक्कांचा परत फोन आला.

"पहाटेपासून सहा ओले," त्याने ऐटीत सांगितलं. "डागाळलेले दोन, ते वेगळे. त्या सहांत नुसती सू."

"आणि ओआरएसचं पाणी? चमच्या-चमच्याने पाजताय ना?"

"पाजतोय की."

हे अर्धंच खरं होतं. नऊनंतर ठमीने चमचा तोंडात घेतलाच नव्हता. रडतही नव्हती, नुसती पडून होती. 'शहाणी गं माझी बाय' म्हणून त्याने तिचं कौतुकसुद्धा केलं होतं.

मग कोरडे लंगोट संपले. धुतलेले दमट होते, ते इस्त्रीनेच वाळवावेत म्हणून त्याने पुढच्या खोलीतल्या दुकानातली इस्त्री तापवली. टेबलावर डावीकडे धुतलेल्यांचा ढीग, उजवीकडे धुवायच्यांचा. तारांबळीत हात उजवीकडे गेला. इस्त्री टेकली, वाफ उठली आणि चूक कळल्याबरोबर त्याने सवयीने नाक मुरडलं. वीस वर्षांचा धंदा होता. पोराची सू इस्त्रीखाली आली की नाकातून थेट डोळ्यांत जाते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. न धुता नुसती वाळवलेली चादर देणाऱ्या गिऱ्हाइकांना तो त्यावरून चांगलं फैलावर घ्यायचा.

हा वास झोंबलाच नाही. आंबूस, कुबट वास आला.

त्याने दुसरा लंगोट दाबला. मग तिसरा. सहाच्या सहा दाबले. एकातही सू नव्हती. शी इतकी पाण्यासारखी झाली होती की डागसुद्धा पडला नव्हता, आणि डागांचा हा मोठा जाणकार तिला सू म्हणून मोजत बसला होता. मग पोरीने सू केली कधी? काल दुपारी? काल सकाळी? त्याला आठवेना.

तो आतल्या खोलीत धावला. ठमीचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. अंगात पाणी आहे का बघायला आक्कांनी मागच्या वेळी शिकवलं होतं तसं त्याने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर चुणी तशीच राहिली. जन्मभर चुण्या मोडत आलेला माणूस त्या एका चुणीकडे बघून गार पडला.

"आक्का, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," तो फोनवर म्हणाला. "सू नाहीये. एकदासुद्धा नाही."

"आहात तसे निघा," आक्का म्हणाल्या.

इस्त्री बंद केली की नाही, हे त्याला दवाखान्यात पोचल्यावरही सांगता आलं नसतं. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. सुई टोचली तरी ठमी रडली नाही, आणि तिने रडावं म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता. तिसऱ्यांदा शीर मिळाली.

"पण हे तर तिला होऊन गेलं होतं," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, जणू कुणी त्याला फसवलं होतं.

"त्या वेळी कोणता विषाणू होता, कुणी तपासलं होतं?" त्या सलाईनचा वेग बघत म्हणाल्या. "हा बहुतेक रोटा आहे. आणि त्याच्यातही पुष्कळ जाती असतात. एक होऊन गेली म्हणून दुसरी होणारच नाही, असं नसतं. दुसऱ्यांदा सहसा हलकं जातं, पण पाणी कमी पडलं की हलकं-भारी काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." आणि त्या सलाईनची नळी सरळ करायला वळल्या. त्याला पुढचं सगळं ऐकू आलं.

मग फक्त वाट बघणं. आक्का ड्यूटी बदलून आल्या आणि शेजारी बसल्या. एक शब्द टाकून बोलल्या नाहीत, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. सलाईनच्या बाटलीतलं पाणी उतरत होतं आणि ठमी त्याच्या मांडीवर, लंगोटाशिवाय, दुपट्यात निजली होती. मरेल का, असं विचारायच्या ऐवजी तो थेंब मोजत होता.

चारच्या सुमाराला त्याच्या मांडीला ओल लागली. कोमट. आक्कांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"झाली का सू?"

सकाळीही ओल बघून त्याने सूच धरली होती. त्याने ठमीला तशीच अलगद उचलून त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही बघून सांगा, आक्का," तो म्हणाला. "माझ्या सांगण्याचं काही खरं नाही."