पोर्टातला माणूस

“तेवढा आमचा कंटेनर सुटंल ना, पाव्हणे?” धनराजशेठनी विचारलं.

वाल्मीकने चमचा पोह्यांतच उभा ठेवला. तो सायखेड्याला धनराजशेठची मुलगी बघायला आला होता. कंटेनर बघायला आलेलो नाही, एवढं त्याला नक्की आठवत होतं.

“सुटला समजा!” शेखरमामा म्हणाला. “भाचा पोर्टातच आहे आमचा.”

वाल्मीक नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कंपनीत पोर्टिंग करायचा. शाळेत असताना टीव्हीला जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून जे व्हिडिओ गेम खेळला, तेच आता, दोन हजार सहा साली, मोबाइलवर चालतील असे करून द्यायचा. मामाने त्यातलं ‘पोर्ट’ तेवढं ऐकलं आणि सायखेड्याला पोचेपर्यंत भाच्याच्या ताब्यात अख्खं बंदर आलं. धनराजशेठचा परदेशी निघालेला कांदा तिथेच अडकला होता. त्याला कोंब फुटत होते.

गप्प बसलं तर लग्न जमत होतं. आधीच्या घरांनी ‘गेम’ ऐकून चहाचे कप उचलले होते. शिवाय वाल्मीकला मुलगी, रोशनी, आवडली होती. ती ट्रेकडे न बघता त्याच्याकडे बघत आली होती आणि सरबत सांडलं नव्हतं. त्याच्या धंद्यात या कौशल्याला फार मान असतो.

“मी पोर्टात नाही,” वाल्मीक म्हणाला. “जुने व्हिडिओ गेम नव्या मोबाइलवर आणतो.”

मामाने त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

“खेळतो म्हना की,” रोशनीची आत्या, चिमणाबाई म्हणाली.

“म्हंजे जहाजाचा काय संबंध नाय?” धनराजशेठनी विचारलं.

वाल्मीकने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “एका गेममध्ये शेवटी एक जहाज येतं.”

“मोठं हाय?”

“मोठं आहे. पण त्यावर तोफा आहेत.”

“मंग कांद्याला उपेग नाय,” चिमणाबाईने निकाल दिला.

“दाखवा ना,” रोशनी म्हणाली.

त्याने फोन दिला. पडद्यावर गाठोडं घेतलेला एक माणूस होता. रोशनीने बटण दाबताच तो सुसाट सुटला आणि खड्ड्यात पडला.

“जुनं मशीन हळू होतं,” वाल्मीक म्हणाला. “नव्यावर हा फार पळतो. पावलागणिक त्याला जरा थांबवायचं, हेच माझं काम. या खड्ड्यापर्यंतचं काम अजून झालं नाहीये.”

“थांबवायचा पगार देतात?”

“वेळेवर देत नाहीत.”

रोशनी हसली. परत खेळली. “मेला!”

“अगं, पाव्हणे बसलेत!” चिमणाबाई ओरडली. “सोयरिकीत मेला काय म्हनते?”

“बरं. वारला,” रोशनी म्हणाली.

तो आणखी बराच वेळ वारत राहिला. मग एकदा रोशनीने बोट अलगद उचललं, आणि तो खड्डा ओलांडून पलीकडे उभा राहिला. तेवढ्यात आतून हाक आली. तिने गेम थांबवला आणि फोन वाल्मीकच्या हातात दिला.

धनराजशेठ दोघांना स्वतः जीपने स्टँडवर सोडायला आले. “कळवतो,” म्हणाले. मामा नाशिकपर्यंत खिडकीशी बोलत होता.

सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरून हर्षालीने विचारलं, “काय झालं रे?”

“कळवतो म्हणाले.”

“म्हणजे नाही.”

“हो.”

“बरं, तो फोन दे. नवीन व्हर्जन टाकायचंय.”

फोनमध्ये तो माणूस अजून खड्ड्याच्या पलीकडे उभा होता. त्या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. जुन्यात नव्हती, म्हणून नव्यातही केली नव्हती. नवीन व्हर्जन टाकलं किंवा फोन बंद झाला की माणूस पुन्हा पहिल्या जागी.

“दुसरा घे,” वाल्मीक म्हणाला, आणि चार्जरची पिन शोधू लागला.