खंडेनवमीला मिळालेली सुट्टी

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. पण कुल्फी गोठवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका, राग येतो मला! माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असायची. खोपोलीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं न थांबता घुमत उभा होतो.

मला तिथे आणलं नेरळच्या डॉ. सुनीती यांनी. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आहे, अशा रुग्णांवर त्या संशोधन करतात. परकं मूत्रपिंड शरीराने टिकू द्यावं म्हणून या रुग्णांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतात. मग काय, घरधनी झोपला की चोराचं फावतं! अंगात निपचित पडलेले विषाणू जागे होतात. ते वेळीच ओळखायचे तर रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोठवून जपायला हवेत. ते काम माझं.

खोपोलीची रजिया या रुग्णांपैकीच एक. तिला मूत्रपिंड दिलं तिच्या थोरल्या भावाने, अब्बासने. रक्त द्यायला आली की ती माझ्या दारावर थाप मारून म्हणायची, "सांभाळ रे बाबा, भाईची अमानत आहे." ऊर भरून यायचा माझा.

माझी देखभाल करायचा रोहिदास. साजगावच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस. तो मला रोज पुसायचा, माझ्याशी गप्पा मारायचा. माझं म्हणावं असं कोणी होतं तर तोच.

यंदा नवरात्रात रजियाची तब्येत बिघडली. मूत्रपिंड नीट चालेना. एक तर शरीर ते नाकारत होतं, म्हणजे औषध वाढवायला हवं. नाहीतर विषाणू जागा झाला होता, म्हणजे औषध कमी करायला हवं. एकावरचा उपाय म्हणजे दुसऱ्यात घात! खरं काय ते सांगणारा, तेव्हाच घेतलेला तिचा नमुना माझ्या पोटात होता. तपासणीचं सामान दसऱ्यानंतर येणार होतं.

दरवर्षी खंडेनवमीला सुनीतीबाई स्वतः माझी पूजा करायच्या. यंदा त्या आदल्या दिवशीच घरी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "रोहिदास, फ्रीझरची पूजा विसरू नका हं." त्यांच्या मनात होतं हळदकुंकू आणि एखादं फूल. पण रोहिदासच्या कारखान्यात यंत्र बंद करूनच पुजायचे आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचे नाहीत. दार उघडलं नाही की थंडी आतच राहते, असं त्याला वाटलं. त्याने मला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि माझी वायर काढली.

मी बॅटरीवरचा धोक्याचा भोंगा वाजवून बोंब ठोकली! त्याने बटण दाबून माझा आवाज बंद केला.

"गप रं," तो मायेने म्हणाला. "वरीसभर राबतोस. आज सुट्टी हाय तुला."

दसऱ्याच्या संध्याकाळी तो परत आला. माझ्या दाराखालून पाणी वाहत होतं. ते बघून आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. मित्रांनो, इथवर माझी काही तक्रार नाही. भक्तीपोटी चुकला बिचारा. पण मग त्याने फरशी पुसली, वायर लावली आणि तोंडाला कुलूप घातलं.

सकाळी सुनीतीबाई आल्या तेव्हा मी पुन्हा गारठलो होतो. त्यांनी रजियाचा नमुना तपासला. त्यातल्या विषाणूच्या खुणा केव्हाच विरून गेल्या होत्या. "विषाणू नाही," असं त्यांनी रजियावर उपचार करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. रोहिदास बाजूलाच कप विसळत होता. डॉक्टरांनी औषध वाढवलं.

विषाणूला रान मोकळं मिळालं आणि अब्बासने दिलेलं मूत्रपिंड गेलं. रजिया पुन्हा डायलिसिसवर आली.

मग शोधाशोध झाली. माझ्या यंत्रात नोंदलेलं तापमान सुनीतीबाईंनी पाहिलं आणि दसऱ्याला नमुने वितळले होते हे त्यांना कळलं.

"रोहिदास, वीज गेली होती का?"

"नाय मॅडम. ह्योच मधी बंद पडला असंल. जुना हाय आता."

अरे देवा! ज्याने मला माळ घातली, त्यानेच माझ्या नावावर हे पाप घातलं!

रजिया एकदा भेटायला आली. सुकून गेली होती पोर.

"डॉक्टर, खरं सांगा, काय झालं?"

सुनीतीबाईंना तिच्याकडे बघवेना. "फ्रीझरने दगा दिला गं, रजिया."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी तिने थाप मारली नाही. "तुझ्यावर भरवसा टाकला होता रे मी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. रोहिदास दारात डोळे पुसत होता, पण बोलला नाही तो नाहीच.

आता मी मागच्या शेडमध्ये भंगारवाल्याच्या टेंपोची वाट बघतो आहे. मित्रांनो, यंत्रांना जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळंच सांगतो. चूक झाली, तर त्याच घडीला तोंड उघडा. त्या संध्याकाळी रोहिदास बोलला असता तर त्याला फार तर चार शब्द ऐकावे लागले असते, पण रजियाचा नवा नमुना घेता आला असता. आणि अब्बासचं मूत्रपिंड कदाचित आजही रजियाच्या पोटात काम करत असतं.